जुन्या गाण्यांचा सातबारा

पिशोरच्या बाजारपेठेतून लग्नमंडपाकडे येताना आमच्या एका नगरवासी स्नेह्यांच्या कानांवर अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज पडला. तो आवाज कोणा रसिकाच्या दिवाणखान्यातून येत नव्हता. अद्रकीच्या गोण्यांनी भरत आलेल्या एका टेम्पोच्या टपावर ठेवलेल्या, तळहातावर मावेल एवढ्या डबीतून तो येत होता, आणि खाली विशी न उलटलेली दोन पोरे सुतळीने गोण्यांची तोंडे शिवीत होती. या दृश्याने स्नेह्यांना आनंद व्हावयास हवा होता, कारण खाँसाहेबांवरील त्यांची भक्ती जुनी आहे आणि त्यांचा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह दृष्ट लागण्याजोगा आहे. परंतु पंगतीत माझ्याशेजारी बसल्यावर त्यांनी जे बोलून दाखविले ती सरळसरळ फिर्याद होती. "या गाण्यांबरोबर आम्ही लहानाचे मोठे झालो," ते म्हणाले, "या पोरांनी ती नुसती उचलली. फुकट मिळालं की गाणं काय आणि कोथिंबिरीची जुडी काय!" मग मठ्ठा येईपर्यंत त्यांनी आपली कैफियत विस्ताराने मांडली. तिचा गोषवारा असा की, जुने गाणे ज्याच्या तारुण्यात वाजले त्याचे ते असते, कारण त्यालाच त्यात आपले आयुष्य ऐकू येते आणि इतरांना नुसताच आवाज. शोधाचे कष्ट सरले तसा रसही सरला. आणि एकाने दुसऱ्यास व दुसऱ्याने दहांस गाणे धाडण्याच्या या नव्या चालीने गाण्याचे नाव, गाव आणि इभ्रत ही तिन्ही धुळीस मिळाली. लग्नघरी वाद घालू नये हा शिष्टाचार मी त्या दिवशी पाळला. तो कागदावर पाळण्याचे मला कारण दिसत नाही.

प्रथम तारखा पाहू. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासेहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेत सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्थानकावर निवर्तले, आणि त्यांची कबर मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. आमचे स्नेही, त्यांच्या दीर्घायुष्याची कामना करूनही सांगतो, त्या वर्षी जन्मलेले नव्हते. तेव्हा ज्या गाण्याबरोबर ते लहानाचे मोठे झाले ते गाणे त्यांच्या बालपणीच जुने होते. ते त्यांना वडिलांच्या कपाटात, लाखेच्या तबकडीवर, टाचणीची खरखर ऐकत सापडले. त्यांना ते कपाटात सापडले आणि त्या पोरांना मोबाईलवर (भ्रमणध्वनी हा शब्द मी लिहू शकतो, पण पिशोरात तो उच्चारला तर लोक मागे वळून पाहतील), एवढाच काय तो भेद. दोघेही त्या गाण्याच्या काळात नव्हते. असे असता एकाने स्वतःस वारस म्हणवावे आणि दुसऱ्यास चोर ठरवावे, हा न्याय कोणत्या दप्तरात लिहिलेला आहे?

जमिनीच्या व्यवहारातले दोन जुने शब्द येथे मला उपयोगी वाटतात. मराठी अमदानीत गावच्या रयतेत मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, गावात मान, पंगतीत पाट; उपरी मात्र बाहेरून आलेला, कसणारा, पण हक्कावाचून कसणारा. आमच्या स्नेह्यांसारखे रसिक जुन्या गाण्यांच्या प्रांतात स्वतःस मिरासदार समजतात, आणि पिशोरच्या टेम्पोवरील पोर त्यांच्या दृष्टीने उपरी आहे. परंतु स्नेह्यांच्या हे ध्यानात नसावे की, ज्या मुलखात येऊन त्यांनी हा निवाडा दिला त्या मुलखात १९५० साली हैदराबादचा कूळकायदा झाला आणि संरक्षित कूळ नावाचा एक मनुष्य कागदोपत्री जन्मास आला. वर्षानुवर्षे जो नांगर धरीत होता त्याचे नाव सरकारी रकान्यात चढले. जमिनीच्या बाबतीत जो हक्क आम्ही कसणाऱ्यास दिला तो गाण्याच्या बाबतीत ऐकणाऱ्यास द्यावयास हरकत कोणती, हे त्यांनी सांगावे.

आता आमच्या गावाच्या ऐकण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आठवणीवर बसविलेली मिरासदारी आमच्याकडे मुळातच का टिकत नाही हे त्यावरून कळेल. पिशोर हे कन्नड तालुक्यातले मोठे गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाची प्रजा होतो, आणि नंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो. निजामी अमदानीत औरंगाबादेस एक लहानसे रेडिओ केंद्र होते. १ एप्रिल १९५० रोजी भारत सरकारने हैदराबाद, म्हैसूर, त्रिवेंद्रम या केंद्रांबरोबर तेही ताब्यात घेतले. परंतु केंद्र असणे निराळे आणि गावात रेडिओ असणे निराळे. रेडिओला वीज किंवा जड बॅटरी लागे, टपालकचेरीतून काढावयाचा परवाना लागे, आणि त्या परवान्याची फी भरण्याइतकी ऐपत लागे. पुण्याच्या केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्यास एक याप्रमाणे गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण उलगडत होते, छप्पन्न गीतांची ती माळ शहरांतून लोक फुले वाहून ऐकत होते, तेव्हा आमच्या गल्लीत तिचा एक मणीही पोचला नाही. आम्ही ते ऐकले ते पुष्कळ वर्षांनी, एका मंडपवाल्याच्या भोंग्यावर, आणि पुढे भरून घेतलेल्या कॅसेटवर. आमच्या लेखी गीतरामायण हे प्रथम श्रवणीच जुने होते. चित्रपटांची कथा तीच. औरंगाबादेत पडद्यावरून उतरून पुष्कळ काळ लोटलेला चित्रपट तंबूच्या टॉकीजबरोबर उरुसात आणि जत्रेत यावयाचा, त्याची फीत मधूनमधून तुटावयाची, आणि तुटलेल्या जागी नेमके गाणे असावयाचे! तेव्हा 'आमच्या काळचे गाणे' ही वाक्संपत्ती शहराची आहे. खेड्याकडे गाणे नेहमी उशिरा आले, दुसऱ्याच्या हातून आले आणि वापरलेले आले. जुने गाणे नव्याने सापडणे, ज्याला स्नेही आजची विकृती समजतात, ही आमच्याकडे पिढ्यानुपिढ्यांची वहिवाट आहे.

उलटेही घडले आहे, आणि त्याची मौज अधिक आहे. आमच्या उत्तरेस डोंगर ओलांडला की सोयगाव तालुक्यातील पळसखेडे लागते. तेथल्या शेतात ना. धों. महानोर नांगर धरीत आणि कविताही करीत. १९७७ साली जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'साठी त्यांनी गीते लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या, आणि अजिंठ्याच्या रांगेतल्या शेतकऱ्याचे शब्द मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन, तबकडीवर चढून, शहरांत वाजून गाजून, मग केव्हातरी आमच्या बांधावर परत आले. ते आले तेव्हा आमच्यातल्या कित्येकांस ते शेजारच्या डोंगरातून निघाले होते हेही ठाऊक नव्हते. त्या गीतांना आता पन्नास वर्षे होत आली. महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. आज एखादी पोरगी ती गीते प्रथमच ऐकून मैत्रिणीला धाडते, तेव्हा तिने काय उचलले आणि कोणाचे उचलले?

कष्टांचा मुद्दा स्नेह्यांनी फार जिव्हाळ्याने मांडला. एका मुद्रिकेसाठी त्यांनी मुंबईच्या चोरबाजारात तीन दिवस घालविले, हे मी त्यांच्या तोंडून तीन वेळा ऐकले आहे. त्या तीन दिवसांचा मला आदर आहे. परंतु त्या कष्टांनी गाणे गोड झाले, हा त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. कष्टांनी त्यांची मालकी गोड झाली. कष्टांचाच हिशेब करावयाचा तर तो अखेरपर्यंत करावा. ती अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी ज्या लाखेची बनत असे ती लाख पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर एका क्षुद्र कीटकाकडून तयार होते. छोटा नागपूरच्या रानांतील आदिवासी बायाबापड्या ती खरवडून आणीत आणि तिच्यावर उमटलेला आवाज ऐकण्याइतका पैसा त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या हाती येत नसे. कष्टाने रसिकता येत असती, तर पहिली रसिक ती बाई ठरती. शिवाय अद्रकीच्या वावरात दिवसभर वाकून, संध्याकाळी गोण्या शिवताना जो पोरगा तीन मिनिटांची ठुमरी ऐकतो त्याने कष्ट केलेले नाहीत, हे विधान करण्यास निदान लग्नाची पंगत ही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांतल्या एका पोरालाच विचारले की, हे गाणे तुला लाभले कसे. एका कव्वालीचा माग काढीत काढीत तो ठुमरीपर्यंत पोचला होता. कव्वाली त्याला आजोबांच्या जुन्या कॅसेटवर सापडली होती, कॅसेटची फीत यंत्रात गुरफटून तुटली म्हणून त्याने ती मोबाईलवर शोधली, आणि तिच्या शेजारी त्याला हा अनोळखी आवाज भेटला. मग त्याने मला एक प्रश्न केला. "काका, ह्या बुवांचा आवाज बाईमाणसासारखा बारीक लागतो, जोरबी करीत नाहीत, आन् तरी काळजाला हात घालतो. हे कसं काय?" खाँसाहेबांच्या त्या बारीक, टोकदार, अश्रूंच्या काठावर तोललेल्या स्वराविषयी मोठमोठ्या जाणकारांनी जे लिहिले आहे त्याचा गाभा या प्रश्नात आहे. पंगतीत आमचे स्नेही अर्धा तास बोलले; त्यांनी मुद्रिकेची किंमत सांगितली, दुकानदाराचा स्वभाव सांगितला, स्वराविषयी एक अक्षर काढले नाही.

गाणे वाटल्याने स्वस्त होते, हा स्नेह्यांचा पुढील आक्षेप. येथे त्यांच्या कैफियतीत इतिहासाचा विपर्यास आहे, कारण ज्या काळाचे ते गोडवे गातात तो काळ वाटण्याचाच होता. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात नभोवाणीमंत्री झाले, मराठी गृहस्थ, विद्वान, शास्त्रीय संगीताचे कैवारी, आणि त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. रयतेने बंड केले नाही. तिने रेडिओची सुई सिलोनकडे फिरविली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि एक गोष्ट आज पुष्कळांच्या विस्मृतीत गेली आहे की आरंभी तो लोकप्रियतेचा क्रम नव्हताच. सात गाणी मागेपुढे करून वाजवीत, श्रोत्यांनी ती कालानुक्रमाने लावून पाठवावयाची, आणि बिनचूक लावणाऱ्यास शंभर रुपये. म्हणजे त्या प्रख्यात कार्यक्रमाचा जन्म साले ओळखण्याच्या खेळातून, कोणते गाणे आधीचे आणि कोणते मागाहूनचे याच्या चौकशीतून झाला! पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारने विविध भारती सुरू करून माघार घेतली, आणि फर्माइशींचा पूर लोटला. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया हे गाव भारतभर ठाऊक झाले ते खाणींमुळे नव्हे, पत्रांमुळे. एक कार्ड, खाली दहा जणांची नावे: याचा अर्थ दुसरा कोणता होता? मला हे गाणे आवडते, ते तुम्ही सर्वांनी ऐकावे आणि ते मला आवडते हे जगाला कळावे. आजचा पोरगा हेच करतो. फरक एवढाच की त्याला निवेदकाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

मधल्या काळात टेपरेकॉर्डर आला. कन्नडच्या बसस्थानकाजवळ किंवा औरंगाबादेच्या गुलमंडीवर यादी द्यावी आणि दुकानदाराने साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यावी. त्या याद्या आम्ही किती विचाराने करीत असू! बहिणीच्या पाठवणीसाठी एक, लष्करात गेलेल्या भावासाठी एक. नंतर तेच दुकानदार नखाएवढे मेमरी कार्ड भरून देऊ लागले, आणि नांगर सोडून ट्रॅक्टरवर बसलेल्या गड्याच्या खिशात अचानक हजार गाणी आली. या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी मिरासदार उठून म्हणाला आहे की, आता रसिकता संपली. तबकडी आली तेव्हा बैठकीचे लोक म्हणाले, तीन मिनिटांत ख्याल कसा मावावा. रेडिओ आला तेव्हा तबकडीवाले म्हणाले, हवेतून आलेल्या गाण्याला काय किंमत. आमचे स्नेही या मानकऱ्यांच्या रांगेत अखेरचे नाहीत.

या संदर्भात केसरबाई केरकरांची हकिकत मला वारंवार आठवते. गोव्यातील केरी गावची ही मानी गायिका. आपले गाणे यंत्राच्या हवाली करण्यास ती फारशी राजी नसे. तिच्या गाण्याचे मोल तिला ठाऊक होते, आणि वाटल्याने गाणे उणे होते हा जर कोणाचा हक्काचा युक्तिवाद असेल तर तो तिचा. १९७७ साली अमेरिकेने दोन याने सूर्यमालेबाहेर धाडली आणि पृथ्वीची ओळख म्हणून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसविली. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीतज्ञाने आग्रह धरला की तीत केसरबाईंची भैरवी असलीच पाहिजे. मुद्रिका मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, घरगुती यंत्रे विकावयाच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या धुळकट खोक्यात तिच्या न उघडलेल्या तीन प्रती निघाल्या. कोणाच्या संग्रहात नव्हे, टेबलाखाली! पहिले यान २० ऑगस्टला, दुसरे ५ सप्टेंबरला निघाले, आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला. ती भैरवी आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, जेथे ऐकणारा आहे की नाही हे कोणासच सांगता यावयाचे नाही तेथे चालली आहे. ती अशी अंतराळभर वाटली गेल्याने केसरबाईंच्या मोठेपणाला तसूभर बाध आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता स्नेह्यांच्या कैफियतीतील जो भाग खरा आहे त्याकडे वळतो, आणि तो खरा आहे हे आडपडदा न ठेवता कबूल करतो. मोबाईलवरून हातोहात फिरणाऱ्या गाण्याचे नाव हरवते. गाणारा बहुधा टिकतो, कवी क्वचित, संगीतकार जवळजवळ कधीच नाही. दत्ता डावजेकरांची चाल फडक्यांच्या नावावर, आणि फडक्यांची आणखी कोणाच्या. आकाशवाणीचा निवेदक गाण्याआधी तिन्ही नावे घेई, त्यात एक अदब होती, आणि ती गेली याचे दुःख मलाही आहे. परंतु नाव हरविण्याचा गुन्हा या पोरांनीच प्रथम केला, असे जर कोणी म्हणत असेल तर त्याने १९४९ सालच्या 'महल' चित्रपटाची तबकडी पाहावी. खेमचंद प्रकाशांनी चाल दिलेल्या त्या झुल्यावरच्या गाण्याने देश वेडा झाला, आणि तबकडीवर गायिका म्हणून नाव होते 'कामिनी'. कामिनी ही त्या चित्रपटातली नायिका. गाणारी होती लता मंगेशकर. हे नाव कंपनीने आपण होऊन जाहीर केले नाही, चित्रपटवाल्यांनी केले नाही. रेडिओ केंद्रांवर श्रोत्यांची पत्रे येऊ लागली की हा आवाज कोणाचा, आणि त्या पत्रांच्या ओझ्याने ते नाव बाहेर आले. सुवर्णयुग ज्याला म्हणतात त्या युगाने आपल्या सर्वांत मोठ्या गायिकेचे नाव गाळले आणि सामान्य ऐकणाऱ्यांनी ते परत मिळविले. त्याच्याही आधी, १९०२ साली, कलकत्त्यास गौहरजान ध्वनिमुद्रणास बसली तेव्हा गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत पुकारी, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात आणि तेथल्या कारागिरांना कोणाची कोणती हे कळावे कसे? नाव जपण्याची ती पहिली शहाणी रीत, आणि ती गायिकेने स्वतः पाळली.

म्हणून माझे म्हणणे असे की, ज्यांना माहिती आहे अशा जाणत्यांनी दरवाजा अडवून बसण्याऐवजी नावे सांगत बसावे. असे बसलेले लोक आपल्याकडे आहेत. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी नोकरी सांभाळून हिंदी चित्रपटगीतांचा कोश रचला, चित्रपटागणिक, गाण्यागणिक, तबकडीच्या क्रमांकांसह. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था निघाली आणि सुरेश चांदवणकरांसारख्या शास्त्रज्ञाने तिच्यासाठी वर्षानुवर्षे टिपणे केली. ही माणसेही संग्राहकच. परंतु त्यांनी आपला ठेवा कुलपात न ठेवता त्याची यादी चव्हाट्यावर मांडली. आमच्या स्नेह्यांपाशी एवढे ज्ञान आहे की त्यांनी मनात आणले तर पिशोरच्या पोरांचे अर्धे चुकीचे दाखले आठवड्यात दुरुस्त होतील. ते दुरुस्त करीत नाहीत, ते हळहळतात.

चोरीचा आरोप राहिला, आणि तो कायद्याचा असल्याने मोघम भाषेत निकालात काढणे बरे नव्हे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने, त्यात मागाहून झालेल्या दुरुस्तीसह, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे राहतो. कवी आणि संगीतकार यांचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. यातून मोठी चमत्कारिक स्थिती उत्पन्न होते. गीतरामायणाचे कवी माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत. परंतु तेच शब्द ज्या तबकडीत कोरले गेले त्या, १९६५ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क संपलेला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मुद्रिकांवर तर आज कोणाचाही दावा चालावयाचा नाही. त्या रयतेच्या झाल्या. जेथे हक्क शिल्लक आहे तेथे तो मानावा, यात दुमत नाही. पण हक्क असतो कवीचा, संगीतकाराचा, कंपनीचा. संग्राहकाचा हक्क कायद्यात कोठे लिहिलेला मला आढळला नाही, आणि वादी म्हणून उभे राहिले आहेत ते नेमके तेच.

शेवटी रुचीविषयी. स्नेह्यांना सर्वांत जास्त बोचले ते हे की, त्या डबीतून खाँसाहेबांच्या मागोमाग प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आला. "काही पाचपोच?" असे त्यांनी मला विचारले. माझे उत्तर तेव्हा पोटात राहिले ते असे: जुनी गाणी म्हणजे कोणती, याची यादी पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात झाली आणि तीत नाट्यपद, भावगीत व चित्रपटगीत यांना पाट मिळाला. आमच्या भागात वामनदादा कर्डकांची गाणी चार पिढ्या गात आल्या. ती तबकडीवर फार थोडी चढली, बहुतेक वह्यांत उतरली, एका वहीतून दुसऱ्या वहीत, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत. प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटने आषाढीच्या दिंड्यांची वाट आणि एस.टी.च्या रातराणीचा प्रवास सारखाच सोबतीने काढला आहे. दोघेही २००४ साली, महिन्यादीड महिन्याच्या अंतराने गेले. त्यांच्या गाण्यांना जुनेपणाचा मान मिळावयास आणखी किती वर्षे लागतील आणि तो मान द्यावयाचा अधिकार कोणाचा, हे सांगता आले नाही तर पाचपोच कोणाला नाही हा प्रश्न खुला राहतो. पिशोरच्या पोराला यादी ठाऊक नाही. त्यामुळे त्याने मिरजेचे खाँसाहेब आणि भीमगीतांचा, भक्तिगीतांचा तो खडा आवाज शेजारी बसविले, आणि शेजारी बसल्यावर दोघांतही आर्जव एकाच जातीचे आहे हे त्याच्या ध्यानात आले. माझ्या मात्र साठ वर्षांत आले नव्हते. मी यादीप्रमाणे ऐकत होतो.

याहूनही जुनी गाणी आमच्याकडे आहेत, आणि त्यांना तबकडीही नव्हती. जात्यावरच्या ओव्या गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून लाखावर गोळा केल्या, आणि गोळा करताना ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव टिपून ठेवले. हे मी त्या पोराला सहज बोलताना सांगितले होते. महिन्याभराने तो एक वही घेऊन आला. शाळेच्या वहीवर पट्टीने रकाने आखलेले: गाणे, गाणारा, लिहिणारा, चाल, साल, कोणाकडून मिळाले. खाँसाहेबांची नोंद होती, महानोरांची होती, दोन ठिकाणी संगीतकार चुकला होता तो मी खोडून लिहिला. मग त्याने मोबाईलवरून एक गाणे लावले. अद्रक काढणीच्या टोळीतल्या बायांनी वावरात बसून म्हटलेले, मागे वारा आणि कुदळींचा आवाज. पाच जणींची नावे त्याने गाणाऱ्यांच्या रकान्यात वयाच्या क्रमाने लिहिली होती. लिहिणाऱ्याच्या रकान्यावर त्याचे पेन अडले होते, कारण एक बाई म्हणाली ते वामनदादांचे असेल, आणि दुसरी म्हणाली छे, ते माझ्या आजेसासूचे, ती परतुरकडून लग्न होऊन आली तेव्हा बरोबर घेऊन आली.

"कोणाचं लिहू काका?"

मी त्याला सांगितले की, ठाऊक नसेल तर कोरे ठेव. त्याला ते पटले नसावे. परवा वही पुन्हा पाहावयास मिळाली, तेव्हा तो रकाना शाईने भरलेला नव्हता. तेथे पेन्सिलीने, पुसता येईल असे, फक्त 'परतूर' एवढे लिहिलेले होते.